आठवड्याचा हवामान अंदाज आणि डोक्यावरचे ढग



पुण्याच्या दक्षिण अंगाला बिबवेवाडी आहे. एके काळी हे शिवार असलेले गाव होते. आता तेथे नांगर चालत नाही, इमारती उभ्या आहेत. तरीही शेतीशी या वस्तीचा संबंध तुटलेला नाही, कारण गुलटेकडीचे मार्केट यार्ड तिच्या उंबरठ्यावर आहे. पुरंदर, हवेली, दौंड, भोर या भागांतली कोथिंबीर, मेथी, वाटाणा, कांदा पहाटे येथे उतरतो. हस्त नक्षत्राच्या दिवसांत यार्डाच्या फाटकाजवळ थोडा वेळ उभे राहिले, की एक बोलणे हमखास कानावर पडते. "मोबाईलवर तर पाऊस नाही म्हणत होते," असे एक जण म्हणतो. दुसरा म्हणतो, "अहो, काल दुपारी दिवे घाटाच्या अंगाला आभाळ कसं फुगलं होतं, बघितलं नाही का?"

या दोघांचे भांडण नाही. एकाने अंदाज पाहिला होता, दुसऱ्याने आभाळ. नुकसान दोघांचेही झाले, कारण दोन्ही गोष्टी एकत्र कोणीच पाहिल्या नाहीत. आठवड्याचा अंदाज चार दिवस पुढचे सांगतो, पण तुमच्या बांधावर नेमके काय होईल ते सांगू शकत नाही. ढग तुमच्या बांधावरचे सांगतात, पण तीन-चार तासांपलीकडचे क्वचितच सांगतात. म्हणून पत्रकावरून आठवड्याची आखणी करावी आणि ढगांवरून त्या दिवसाची. हे कसे करावे, याची माहिती या लेखात दिली आहे.

अंदाज येतो कोठून?

शिवाजीनगरला 'सिमला ऑफिस' नावाचा बसथांबा आहे. तेथे रोज चढणाऱ्या-उतरणाऱ्या अनेकांना या नावाचे कारण ठाऊक नसते. भारतीय हवामान खात्याची स्थापना १८७५ साली झाली. खात्याचे मुख्यालय आधी कलकत्त्याला होते, पुढे सिमल्याला गेले, आणि तेथून १९२८ साली पुण्याला आले. १९४४ मध्ये ते दिल्लीला हलले, पण सिमल्याचे नाव पुण्यात राहून गेले. शेतीच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी, की १९३२ साली याच खात्यात कृषी हवामान विभाग पुण्यात सुरू झाला. डॉ. एल. ए. रामदास यांनी त्याची उभारणी केली आणि पुण्याच्या कृषी महाविद्यालयाच्या प्रक्षेत्रावर पिकांच्या सान्निध्यात हवामानाची मोजमापे घेतली जाऊ लागली. १९४५ पासून आकाशवाणीवरून शेतकऱ्यांसाठी हवामान वार्ता देणे सुरू झाले. पुढील काही दिवसांचा अंदाज व त्यावर आधारित सल्ला १९९१ पासून मिळू लागला आणि २००८ पासून तो जिल्हावार झाला.

आज हे पत्रक आठवड्यातून दोनदा, मंगळवारी व शुक्रवारी निघते. 'मेघदूत' या मोबाईल ॲपवरही ते मराठीत पाहता येते. शिवाय दर गुरुवारी पुढील चार आठवड्यांचा ढोबळ कल जाहीर होतो. तो कल पेरणी लांबवावी की नाही यासारख्या मोठ्या निर्णयांसाठी आहे. त्यावरून उद्याची फवारणी ठरवू नये.

पत्रक वाचताना कोठे चूक होते?

पत्रकात पाऊस, कमाल व किमान तापमान, सकाळची व दुपारची आर्द्रता, वाऱ्याचा वेग व दिशा आणि ढगांचे प्रमाण हे आकडे असतात. बहुतेक जण फक्त पावसाचा रकाना पाहतात. त्यातही पहिली चूक तारखेची होते. हवामान खात्याचा पावसाचा दिवस मध्यरात्री बदलत नाही, तो सकाळी साडेआठला बदलतो. आज सकाळी साडेआठ ते उद्या सकाळी साडेआठ या चोवीस तासांत पडलेला पाऊस उद्याच्या तारखेवर नोंदला जातो. म्हणजे सोमवारी संध्याकाळी झोडपून गेलेला पाऊस मंगळवारच्या नावावर लागतो. म्हणून अंदाजाच्या पत्रकातही आकडा कोणत्या सकाळपासून कोणत्या सकाळपर्यंतचा आहे, हे माथ्यावर पाहून घ्यावे. पुण्यातील पाऊस बहुतेक वेळा संध्याकाळी वा रात्री दगा देतो, त्यामुळे या एका गोष्टीने काढणीचा निर्णय फिरू शकतो.

दुसरी चूक शब्दांची होते. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे विभागातील फार तर चौथा हिस्सा केंद्रांवर पाऊस. 'काही ठिकाणी' म्हणजे साधारण निम्म्यापर्यंत, 'बऱ्याच ठिकाणी' म्हणजे निम्म्याहून अधिक ते पाऊणपर्यंत, आणि 'बहुतांश ठिकाणी' म्हणजे त्याच्याही वर. हे शब्द पाऊस किती ठिकाणी पडेल ते सांगतात, किती जोराचा पडेल ते नाही. जोरासाठी वेगळे शब्द आहेत. चोवीस तासांत १५.५ मि.मी. पर्यंतचा पाऊस हलका, १५.६ ते ६४.४ मध्यम, ६४.५ ते ११५.५ जोरदार, २०४.४ पर्यंत अति जोरदार, आणि त्यापुढे अत्यंत जोरदार समजला जातो. 'तुरळक ठिकाणी जोरदार' असे लिहिलेले असेल तर 'तुरळक' हा शब्द वाचून निर्धास्त राहू नये. चार गावांपैकी तीन कोरडी राहतील आणि चौथ्या गावाचा बांध फुटेल, असा त्याचा अर्थ आहे.

पुण्याच्या पावसाचे आकडे पूर्वीपासून शिवाजीनगर, पाषाण आणि लोहगाव या केंद्रांचे छापून येतात. एकाच शहरातली ही ठिकाणे, पण वळवाच्या दिवसांत त्यांचे आकडे एकमेकांशी जुळतीलच असे नाही. शिवाजीनगरापासून बिबवेवाडी सहा-सात किलोमीटरवर आहे. गडगडाटी ढगाचा पसारा कधी कधी तेवढाच असतो. मग तालुक्याच्या एका आकड्याने तुमच्या शेताचे भविष्य कसे सांगावे? संगणकातील आकडा हा मोठ्या चौकोनी क्षेत्राचा सरासरी आकडा असतो. १० मि.मी. चा अंदाज म्हणजे सगळीकडे १० नव्हे. एका गावी ३५ आणि शेजारच्या दोन गावी टिपूसही नाही, असेही त्यात बसते.

यासाठी प्रत्येकाने आपल्या शेतात पाऊस मोजावा असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. सपाट बुडाचा, सरळ कडांचा डबा पुरतो. मात्र तोंड आणि बूड सारख्याच रुंदीचे हवे. डबा झाड किंवा भिंत यांच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर मोकळ्या जागी ठेवावा आणि रोज सकाळी साडेआठला पट्टीने पाणी मोजून ओतून द्यावे. १ मि.मी. पाऊस म्हणजे एका गुंठ्यावर सुमारे १०० लिटर आणि एकरावर सुमारे ४,००० लिटर पाणी. हा हिशेब पाठ असला की 'चांगला झाला', 'बरा झाला' अशा मोघम बोलण्यावर पाण्याची पाळी चुकवण्याची वेळ येत नाही.

ढग ओळखण्याची रीत

ढग म्हणजे वाफ नव्हे. ते पाण्याचे अतिशय बारीक थेंब किंवा बर्फाचे स्फटिक असतात. पावसाचा एक थेंब तयार होण्यासाठी असे सुमारे दहा लाख कण एकत्र यावे लागतात. म्हणूनच आभाळ भरून आले तरी पाऊस पडेलच असे नाही.

ढगांना शास्त्रीय नावे देण्याची सुरुवात ल्यूक हॉवर्ड या इंग्रजाने १८०२ साली केली. आज जगभर ढगांचे दहा मुख्य प्रकार मानले जातात. दहा नावे घोकण्याची गरज नाही. दोनच प्रश्न विचारावेत: ढग चादरीसारखा पसरलेला आहे की ढिगासारखा रचलेला? आणि तो खाली आहे, मध्ये आहे की फार वर? चादरीसारखे ते स्तरमेघ, ढिगासारखे ते राशीमेघ, आणि पिंजलेल्या कापसाच्या तंतूंसारखे ते तंतुमेघ. आपल्याकडे खालचे ढग जमिनीपासून दोन किलोमीटरपर्यंत, मधले दोन ते आठ किलोमीटरपर्यंत आणि वरचे सहा किलोमीटरपासून पुढे, पार अठरा किलोमीटरपर्यंत असतात.

उंची डोळ्यांनी कशी ओळखावी? हात समोर ताठ धरावा आणि डोक्याच्या बाजूला, क्षितिजापासून बऱ्याच वर असलेल्या ढगाच्या एका पुंजक्यावर बोटे धरून पाहावीत. पुंजका करंगळीच्या आड पूर्ण लपला तर तो वरचा, बर्फकणांचा ढग. करंगळीच्या बाहेर येतो पण तीन बोटांच्या आड लपतो, तर तो मधला. तीन बोटांतही मावत नाही तो खालचा. सूर्याकडे पाहून हा प्रयोग करू नये.

ढगांचे प्रमाण 'अष्टमांशा'त मोजतात. आभाळाचे मनाने आठ भाग करावेत आणि किती भाग झाकले आहेत ते सांगावे. एक-दोन भाग झाकलेले असतील तर मुख्यतः निरभ्र, तीन-चार असतील तर अंशतः ढगाळ, पाच ते सात असतील तर सामान्यतः ढगाळ, आणि आठही झाकले असतील तर पूर्ण ढगाळ. पत्रकात ढगांच्या रकान्यात ६ हा आकडा दिसला तर तो सहा टक्के नव्हे, आठपैकी सहा भाग.

पावसाळ्यातले काळे आभाळ

जुलैमध्ये बिबवेवाडीच्या एखाद्या गच्चीवरून पश्चिमेला पाहिले तर तळजाई आणि पर्वतीच्या माथ्यावरून राखी रंगाचे ढग घाईघाईने पूर्वेकडे धावताना दिसतात. आभाळ आठही भाग झाकलेले, उजेड कोंदट, वारा जोराचा. नवख्याला वाटते, आता कोसळणार. पडते ती भुरभुर. दिवसभर आभाळ गळत राहते आणि संध्याकाळी डब्यात दोन-तीन मि.मी. पाणी निघते.

याचे कारण सह्याद्री. समुद्रावरून आलेला बाष्पयुक्त वारा घाटावर चढताना थंड होतो आणि आपले पाणी लोणावळा, मुळशी, ताम्हिणीकडे टाकतो. पुण्याकडे उतरताना तोच वारा तापतो आणि कोरडा होत जातो. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मि.मी. च्या वर पाऊस, आणि साठ-पासष्ट किलोमीटरवरील पुण्याला सातशे-साडेसातशेच्या आसपास. पुण्यावरून धावणारे ते ढग म्हणजे बहुधा राशी-स्तरमेघ, शास्त्रीय नावाने स्ट्रॅटोक्युम्युलस. त्यांची जाडी कमी असते. दिसायला काळे, पण अंगात पाणी थोडे.

यांचा रंग पाहून फसू नये, पायथा पाहावा. पुण्याच्या दक्षिणेकडील शेतकऱ्याला त्यासाठी एक उत्तम मोजपट्टी मिळालेली आहे, ती म्हणजे सिंहगड. गड समुद्रसपाटीपासून सुमारे १,३१२ मीटर उंच आहे आणि पुणे शहर सुमारे ५६० मीटरवर. गडाचा माथा ढगात बुडालेला असेल तर ढगाचा पायथा पुण्यावर साडेसातशे मीटरपेक्षा कमी उंचीवर आहे असे समजावे. गडाचा निम्मा डोंगरही दिसेनासा झाला, आभाळाला कडा किंवा पुंजके उरले नाहीत, सगळीकडे एकसारखा करडा रंग झाला आणि ढगांची हालचालही जाणवेना, तर तो वर्षास्तरी मेघ, म्हणजे निंबोस्ट्रेटस. याची झड लागते. गडगडाट नाही, घाई नाही, पण तासन् तास पाऊस. पुण्यात पावसाळ्यात झड लागते ती बहुधा याच ढगातून. या दिवशी युरियाची मात्रा देऊ नये आणि निचऱ्याचे चर मोकळे करावेत. उलट राशी-स्तरमेघ धावत असतील आणि मधून मधून तिरीप पडत असेल तर निंदणी, खुरपणी थांबवण्याचे कारण नाही. फवारणी मात्र भुरभुरीतही वाया जाते.

पावसाळ्यात उघडीप मिळाली की आणखी एक मौज पाहावी. खालचे ढग पश्चिमेकडून पूर्वेकडे जातात, पण फटीतून दिसणारे अगदी वरचे तंतुमेघ उलट दिशेला, पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकत असतात. पावसाळ्यात फार उंचावर पूर्वेकडून वाहणाऱ्या वाऱ्याचा तो परिणाम आहे. हिवाळ्यात हेच वरचे ढग पश्चिमेकडून येतात. वरच्या ढगांची दिशा बदलली म्हणजे ऋतू कूस बदलतो आहे. हे निरीक्षण रोजच्या कामाला लागणारे नाही, पण आभाळाकडे बघण्याची गोडी लागते.

फ्लॉवरचा गड्डा आणि लोहाराची ऐरण

खरा धोका त्या काळ्या आभाळात नाही. तो स्वच्छ, उकाड्याच्या दुपारी एकट्याने वाढणाऱ्या पांढऱ्या ढगात आहे. याबाबत माझी स्वतःची फजिती सांगतो. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात हवेली तालुक्यातील एका गावी जुलैत मी काळे आभाळ पाहून एका शेतकऱ्याची फवारणी तीन दिवस थांबवली. पाऊस पडला नाही, मावा मात्र वाढला. त्याच शेतकऱ्याने ऑक्टोबरमध्ये दुपारी दोनला विचारले, फवारू का? ऊन कडक होते, आभाळ तीन भाग सुद्धा झाकलेले नव्हते. मी 'फवारा' म्हणालो. पूर्वेला एक पांढरा ढग उंच वाढत होता. तो मी पाहिला होता, पण वाचला नव्हता. तासाभरात औषध धुऊन गेले. त्या शेतकऱ्याने मला चहा पाजला आणि एवढेच म्हटले, "साहेब, तुम्ही काळ्याला भिता, आम्ही पांढऱ्याला." दोष सर्वस्वी माझा होता.

तो पांढरा ढग म्हणजे राशीमेघ, क्युम्युलस. सकाळी दहा-अकराच्या सुमारास जमीन तापली की कापसाच्या बोंडासारखे लहान ढग उमलतात. त्यांचा पायथा सपाट असतो. दुपारी चारपर्यंत ते रुंद आणि बुटकेच राहिले तर काळजी नाही, संध्याकाळी विरून जातील. परंतु एखाद्याची उंची त्याच्या रुंदीपेक्षा जास्त होऊ लागली, माथ्यावर फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे कोंब फुटू लागले आणि त्यांच्या कडा कापल्यासारख्या रेखीव दिसू लागल्या, की सावध व्हावे. आतून हवा जोराने वर चढते आहे.

यापुढची खूण सर्वांत महत्त्वाची आहे. माथ्याच्या त्या रेखीव कडा पुसट होऊ लागतात, गड्डा विसकटून पिंजल्यासारखा दिसतो, आणि माथा दोन्ही बाजूंना पसरून लोहाराच्या ऐरणीसारखा होतो. माथ्याचे पाणी गोठून बर्फ झाले, असा त्याचा अर्थ. आता तो राशीमेघ राहिला नाही. तो गर्जन्मेघ, म्हणजे क्युम्युलोनिंबस झाला. याचा पायथा जमिनीपासून किलोमीटर-दीड किलोमीटरवर आणि माथा पंधरा किलोमीटरच्याही पुढे जाऊ शकतो. वीज, गारा, वादळी वारा आणि ढगफुटीसारखा पाऊस हे सर्व याच एका ढगाचे काम आहे. ऐरण दूर दिसत असेल तर ढगाची दिशा पाहावी. जवळ आल्यावर ऐरण दिसत नाही, फक्त काळाभोर पायथा दिसतो. मग अचानक उकाडा मोडून थंड वाऱ्याचा झोत येतो आणि धूळ उडते. त्यानंतर हातात फार तर काही मिनिटे असतात. त्या वेळी ताडपत्री शोधायला जाऊ नये, ती आधीच खळ्यावर असावी.

'गर्जेल तो पडेल काय' ही म्हण माणसांना लागू असेल. ढगाला ती लावू नये. पुण्यातील वळवाचा आणि परतीचा सर्वांत जोराचा पाऊस गर्जणाऱ्या ढगातूनच पडतो.

बिबवेवाडीच्या परिसराने हे फार कठोरपणे अनुभवले आहे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री शहराच्या दक्षिण भागावर गडगडाटी पाऊस कोसळला. कात्रजच्या डोंगराकडून येणारा आंबील ओढा काही तासांत फुगला. सहकारनगर, अरण्येश्वर परिसरातील वस्त्यांत पाणी शिरले, भिंती कोसळल्या, आणि शहर व परिसरात वीसहून अधिक माणसे दगावली. वर सांगितलेल्या रीतीने तो पाऊस खात्याच्या वहीत २६ सप्टेंबर या तारखेवर आहे. अशा पावसात पाणी पडते एका ठिकाणी आणि पूर येतो दुसऱ्या ठिकाणी. ओढ्याकाठी ज्यांची जनावरे बांधलेली असतात त्यांनी आपल्या डोक्यावरचे नव्हे, ओढा जेथून येतो त्या डोंगरावरचे आभाळ पाहावे.

विजेबाबत थोडे सांगतो. चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजावेत आणि तीनने भागावे, म्हणजे अंतर किलोमीटरमध्ये मिळते. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. काम सोडून पक्क्या घरात जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. झाडाखाली उभे राहू नये, विळा-कुदळ हातात ठेवू नये, तारेच्या कुंपणाला टेकू नये. पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने तयार केलेले 'दामिनी' ॲप आसपासच्या विजांची सूचना देते. जिल्ह्यासाठी पिवळा, केशरी किंवा लाल इशारा दिलेला असेल तर पिवळ्यात लक्ष ठेवावे, केशरीत तयारीत असावे आणि लाल असेल तर काम थांबवून सुरक्षित जागी जावे.

थंडीतले ढग आणि चंद्राचे खळे

रब्बीत पाऊस थोडा, पण ढग त्रास देतात. उत्तरेतून पश्चिमी विक्षोभ जात असताना आपल्याकडे तंतुमेघ आणि मध्यम उंचीचे स्तरमेघ येतात. रात्री हे ढग गोधडीसारखे काम करतात, जमिनीची उष्णता बाहेर जाऊ देत नाहीत, म्हणून किमान तापमान चढते. ढगाळ, दमट हवामान तीन-चार दिवस टिकले तर कांद्यावर करपा, हरभऱ्यावर घाटेअळी आणि ज्वारीवर मावा यांसाठी शेत रोज फिरून पाहावे. फेब्रुवारी-मार्चमध्ये मात्र गारांची भीती असते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपिटीने महाराष्ट्रभर गहू, हरभरा, द्राक्षे, डाळिंब यांचे अतोनात नुकसान केले, हे अनेकांच्या आठवणीत असेल.

चंद्राला खळे पडले की ते जवळ आहे की लांब यावरून पावसाचे भाकीत करण्याची आपल्याकडे रीत आहे. त्यात अर्धे तथ्य आहे. पातळ तंतुस्तर मेघातील बर्फाच्या स्फटिकांमुळे पडणारे खरे खळे नेहमी एकाच आकाराचे असते. हात ताठ धरून चंद्रावर अंगठा ठेवला तर साधारण एका वितीवर ते असते. चंद्राला अगदी चिकटलेले तांबूस कडेचे लहान वलय वेगळे. ते पाण्याच्या बारीक थेंबांच्या, खालच्या किंवा मधल्या ढगामुळे पडते. म्हणजे 'लांबचे' आणि 'जवळचे' खळे हे एकाच खळ्याचे दोन आकार नसून दोन वेगळे ढग आहेत. जुन्या माणसांनी पाहिले ते बरोबरच होते. पाऊस येईल की नाही हे मात्र नुसत्या खळ्यावरून सांगता येत नाही. पुढच्या बारा तासांत ढग दाट आणि खाली होत जातात का, यावर ते अवलंबून असते.

एका आठवड्याचे उदाहरण

समजा, सप्टेंबरच्या शेवटच्या शुक्रवारी पत्रक हाती आले. माथ्यावर लिहिले आहे, 'पाऊस: त्या तारखेच्या सकाळी ८.३० पर्यंतचे २४ तास'. शनिवार ते बुधवार पावसाचे आकडे ०, ०, ४, १८ आणि ९ मि.मी. आहेत. ढगांचे प्रमाण २, ३, ५, ७, ६. दुपारची आर्द्रता ५० टक्क्यांवरून मंगळवारपर्यंत ७८ वर चढते आणि कमाल तापमान ३२ वरून २९ अंश सें. वर उतरते. तुमच्या शेतात सोयाबीन काढणीला आले आहे, कांद्याची रोपवाटिका टाकायची आहे आणि मेथी तयार आहे.

मंगळवारचे १८ मि.मी. म्हणजे सोमवारी सकाळपासूनचा पाऊस. तो मंगळवारी पडेल असे समजून सोमवारी सोयाबीन कापाल तर संध्याकाळी कापलेले पीक भिजेल. शनिवारी व रविवारी कापणी उरकावी आणि रविवारी सूर्यास्तापूर्वी गंजी उंचवट्यावर लावून झाकावी, कारण सोमवारच्या ४ मि.मी. मधला पाऊस रविवारी रात्रीही येऊ शकतो. मजूर मिळाले नाहीत आणि निम्मेच कापून होणार असेल तर तेवढेच कापावे. उभ्या पिकापेक्षा जमिनीवर पसरलेले कापलेले पीक लवकर खराब होते. मेथी शनिवारी संध्याकाळी काढून रविवारच्या बाजारात न्यावी. पावसानंतर तिला चिखल लागतो आणि भाव पडतो. रोपवाटिका गादीवाफ्यावरच करावी, पण बियाणे बुधवारनंतर वापसा आल्यावर टाकावे. घाई असेल तर वाफ्यांवर झाकण्याची सोय आधी करावी, कारण साचलेल्या पाण्यात रोपांना मर लागते.

आता यात आभाळ जोडावे. रविवारी दुपारी दोनला एकदा आणि चारला एकदा चारही दिशांना पाहावे. पत्रकात ढग ३ म्हटले आहेत आणि तुम्हाला बुटके राशीमेघ दिसत आहेत, तर दोन्ही जुळले, काम चालू ठेवावे. पण आग्नेयेला एक ढग उंच चढू लागला आणि त्याचा माथा विसकटला, तर पत्रकात पाऊस थोडाच असला तरी कापणी थांबवून आधी कापलेले झाकावे. उलट सोमवारी सकाळी आभाळ सात भाग झाकलेले असून ढग धावते आणि पातळ असतील, सूर्याची चकती मधून मधून दिसत असेल, तर १८ मि.मी. संध्याकाळशिवाय येण्याची शक्यता कमी. सकाळचे तीन-चार तास बाजाराची बांधाबांध, चर काढणे यासाठी वापरता येतील. फवारणीसाठी नव्हे.

हे सर्व एका साध्या वहीत लिहावे. तारीख, सकाळी साडेआठला डब्यातील पाणी, सकाळी व दुपारी ढग किती अष्टमांश आणि कोणते, वारा कोठून, आणि शेजारी पत्रकातील आकडा. वर्षभराच्या नोंदीनंतर आपल्या शिवारात अंदाज कोणत्या ऋतूत जुळतो आणि कोणत्या दिशेचा ढग फसवतो, हे कळू लागते. वरील उदाहरणातील शेतकऱ्याने मंगळवारी साडेआठला डबा पाहून आकडा लिहावा, डबा रिकामा करून जागेवर ठेवावा, आणि त्याच दिवशी निघणारे नवे पत्रक घेऊन बुधवारपासूनची आखणी पुन्हा तपासावी.